गाडी ओढत नाही

भाड्याने घर देण्याआधी काकांनी मला जिना दोनदा चढायला लावला. एकदा रिकाम्या हातांनी आणि एकदा गॅसचं भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन. स्वतः खाली, कठड्याला कान लावून उभे. मी वर पोचून धापा टाकत खाली वाकलो, तर म्हणाले, "रिकामे ठीक आहात. लोडवर सहाव्या पायरीला दम सोडून राहिले. सिगारेट?"

"सोडली."

"कधी?"

"मागच्या महिन्यात."

"मग होईल ठीक. घर तुमचं."

कोण, कुठले, कागदपत्रं, काही विचारलं नाही. मी बायकोला म्हटलं, हा म्हातारा सटकलेला आहे, दुसरं घर पाहू. ती म्हणाली, "अरे, असे लोक चांगले असतात. सामान आणा." ती जबलपूरचीच, तिच्या घरच्यांच्या तीन पिढ्या इथेच गेल्या. मी नागपूरचा, रेल्वेत बदली होऊन आलेला. म्हणून काका तिला बेटा म्हणायचे आणि मला जावईबापू. घमापुरातल्या त्या गल्लीत मी चार वर्षं सगळ्यांचा जावईबापू होतो. भाजीवालासुद्धा म्हणायचा. मला त्याचा फार राग यायचा, पण मला राग कशाचा येत नाही?

काका गाड्यांच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. सारी नोकरी टेस्टिंगमध्ये. नवा ट्रक तयार झाला की त्यात रेतीची पोती भरायची, चढउतारावर पळवायचा आणि तो काय म्हणतो ते ऐकायचं, हे त्यांचं काम. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. खाली ते एकटे, वर आम्ही दोघं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. कुणाची गाडी पाहायची झाली तर ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे, डावी चप्पल काढायचे, उघडा तळपाय गाडीच्या पत्र्यावर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मग जे सांगायचे ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. हे मी मान्य करतो. जिवावर येतं, पण करतो.

गल्लीतले एक वयस्क गृहस्थ वारले तेव्हा शववाहिनी आली. रामनाम चाललंय, बायका रडून राहिल्या, आणि काकांनी हात वर केला. "रुकिए." सगळे थांबले. कुणाला वाटलं, कोणी जवळचा यायचा राहिला. काका ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "भैया, तीन नंबर का इंजेक्टर मिस कर रहा है. घाट तक पहुँचोगे, लौटोगे नहीं." मला धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं. गाडी परत येताना खरोखर बंद पडली, आणि त्यातून परतणारी आम्ही सहा माणसं उन्हातून पायी आलो. काका सगळ्यांच्या पुढे, खुशीत.

त्यांचं एक ब्रह्मवाक्य होतं: एका वेळी एकच. बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं होतं तसं ठेवा, मग पाहा. हे गाडीपुरतं असतं तर मी सहन केलं असतं. बायकोने एकदा वाटीभर वरण खाली पाठवलं. वाटी परत द्यायला स्वतः वर आले. "बेटा, आज डाळ बदलली का फोडणी?"

"दोन्ही, काका."

"काहून? आता मला काय आवडलं ते कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या डाळीला नवी फोडणी देऊन परत पाठवलं. ती असली माणसं सांभाळते. मी त्यातलाच एक, म्हणून मला बोलता येत नाही.

आता आमच्या गाडीचं सांगतो. सासऱ्यांनी वापरून आम्हाला दिलेली, वीस वर्षांपुढची डिझेल. नवी घ्यायची ऐपत नव्हती. बायकोला खूप वर्षांनी पनागरच्या एका शाळेत पक्की नोकरी लागली होती. त्याआधी किती शाळांत तिने कच्च्यावर शिकवलं, किती उन्हाळ्यांत घरी बसवलं गेलं, ते मी पाहिलंय. ऑर्डर हातात आली त्या दिवशी ती पलंगावर उभी राहून नाचली होती. शाळेच्या वेळेला धड बस नाही, म्हणून रोज ती गाडी घेऊन जायची. इंजिन धूर टाकायला लागलं तेव्हा दिवाळीत आम्ही मिस्त्रीकडून त्याचं पूर्ण काम करून घेतलं. गाडी घरी आली ती आवाजाने अगदी लोण्यासारखी. पण ओढेना. सपाटीवर आपली चालायची, आणि जरा वेग घ्यायचा म्हटलं की नाही म्हणजे नाही.

मी तडक मिस्त्रीकडे. त्याने बोनेट उघडलं, पंपाला जाणारी ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढली, आणि इंजिन असं गरजलं की शेजारच्या दुकानातली कुत्री उठून गेली. "देखिए भैया, इसमें क्या कमी है?" मी पुन्हा रस्त्यावर आलो की पुन्हा तेच. तीनदा गेलो. तिसऱ्यांदा मी त्याला नको ते बोललो. आवाज चढवला की काम होतं असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

घरी आलो तर काका ओट्यावर. "मला काहून नाही विचारलं?"

झालं. त्या रविवारपासून आमची टेस्टिंग सुरू झाली.

रस्ता एकच: तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे जायचं, गाडी वळवायची, आणि नदीपासून शहराकडे येणाऱ्या चढावर पाय पूर्ण दाबायचा. वेळ तीच, सकाळी आठ. बायको चालवणार, काका तिच्या शेजारी, मी मागे. आणि लोड कायम पाहिजे, म्हणून माझ्या बाजूला पनागरच्या मटरची दोन पोती. मी म्हटलं, काका, पोती कशाला? तर म्हणाले, "रिकामी गाडी खोटं बोलते." मटरचा सीझन, शेंगा कोवळ्या, आणि आम्हाला सक्त ताकीद: टेस्ट संपेपर्यंत एक शेंग खायची नाही, वजन बदलते. मी एकदा मागे बसल्या बसल्या चार शेंगा सोलल्या, तर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "जावईबापू, टरफलं खाली टाकू नका. वजन तरी गाडीतच राहू द्या."

पहिल्या रविवारी एअर फिल्टर बदललं. चढावर बायकोने पाय दाबला. "पूर्ण दाब, बेटा."

"पूर्णच आहे, काका."

गाडी हळूहळू चढली. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, आणि वर जाऊन त्याने वळून पाहिलं.

दुसऱ्या रविवारी डिझेल फिल्टर. तेच. तिसऱ्या रविवारी ब्रेक धरून ठेवतात का ते पाहिलं. चारही चाकं हात लावून लावून पाहिली, कुठलंच तापलं नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक जायला लागली. म्हटलं, "काका, जे जे असेल ते सगळं एकदाच बदलून टाकू ना!"

"मग बरी झाली तर कशाने झाली?"

"मला काय करायचंय? बरी झाली म्हणजे झालं!"

"आणि पुन्हा बिघडली तर कोणाला धरणार?"

त्याच रविवारी परत येताना ते म्हणाले, "आता डिझेल फिल्टर बदलून पाहू." बायको म्हणाली, "काका, ते मागच्याच रविवारी झालं." ते म्हणाले, "अच्छा, झालं काय," आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. बायकोने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, म्हातारा मला चिडवायला करून राहिला.

त्यानंतरच्या मंगळवारी ती शाळेतून आली आणि चप्पल न काढता खुर्चीत बसली. पनागरहून येताना हायवेच्या दुभाजकातल्या कटमधून गाडी वळवली, मागून ट्रक येत होता पण बराच लांब, तेवढ्यात निघायला काही हरकत नव्हती. पाय पूर्ण दाबला, आणि गाडी चिखलात रुतलेल्या म्हशीसारखी जागच्या जागी. ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला आणि कसाबसा बाजूने काढला. "त्याचा आरसा माझ्या खिडकीला लागला, इतका जवळ," ती म्हणाली. "मी उद्या जाते, परवा जाते, महिनाअखेरपर्यंत जाते. तोपर्यंत ठीक नाही झाली तर मी राजीनामा देते. मला मरायचं नाही यार."

तिने खरंच राजीनामा लिहिला. हिंदीत, सुवाच्य अक्षरात, आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. ती निघाली की मी ऑफिसात घड्याळाकडे पाहत बसायचो. पोचली म्हणून तिचा फोन यायचा, मग दुपारपर्यंत बरं, मग पुन्हा जीव टांगणीला. फायलीवर लक्ष नाही, कुणी हाक मारली तर अंगावर धावून जायचो. महिना संपायला आठ दिवस उरले, आणि काका म्हणत होते, पुढच्या रविवारी क्लच पाहू.

शनिवारी मला सुट्टी होती. गाडीत वास यायला लागला होता. मटरच्या एका पोत्याची शिवण उसवली होती आणि शेंगा सांडून पुढच्या सीटखाली जाऊन कुजल्या होत्या. मी शिव्या घालत पोती बाहेर काढली, सीट सरकवली, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उपटलं.

ॲक्सिलरेटरच्या बरोबर खाली लाकडाचा एक ठोकळा होता. सागवानी, तासून गुळगुळीत केलेला, पेडलच्या उताराला बरोबर बसेल असा तिरका कापलेला, दोन स्क्रूंनी पत्र्यात पक्का. पाय पूर्ण दाबला की पेडल कार्पेटवर टेकायचं, आणि आपल्याला वाटायचं, झाला पूर्ण. खरं म्हणजे निम्मंच. मिस्त्री बोनेट उघडून तार हाताने ओढायचा, त्यामुळे त्याला कधी काही सापडणारच नव्हतं. आणि ठोकळ्यावर निळ्या पेनने, काकांच्या त्या सरळ, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: "नवे इंजिन. हजार किलोमीटरनंतर काढणे."

मग मला आठवलं. इंजिनचं काम होऊन गाडी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी किल्ली मागून घेतली होती. आवाज ऐकतो म्हणाले. फॅक्टरीत नव्या गाडीला असा ठोकळा लावायची त्यांची पद्धत होती, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, म्हणजे इंजिन रुळेपर्यंत कोणी पळवू नये. आणि ड्रायव्हरला सांगायचं नाही. सांगितलं की ड्रायव्हर काढतो.

स्क्रू काढले. बायको वरून आली, तिने ठोकळा पाहिला, वाचला, आणि पायरीवर बसली. "काखेत कळसा," एवढंच म्हणाली. मग माझं तोंड पाहून घाईने उठली. "सुनो. फेकून द्या ते. त्यांना काही बोलू नका. उद्या क्लच पाहू, आणि म्हणू क्लचच होतं. प्लीज. ते विसरले आहेत हो. तुम्हाला दिसत नाही का, ते विसरायला लागले आहेत?"

दिसत होतं. मी खोटं कशाला सांगू? त्या क्षणी मला सगळं दिसत होतं. पण ट्रकचा आरसाही दिसत होता. मी तिचा हात झटकला आणि ओट्यावर गेलो.

काका पेपर वाचत होते. समोरच्या घरचे दोघं चहाला आलेले. मी तो ठोकळा त्यांच्या पेपरावर आपटला. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. "महिनाभर आम्हाला त्या चढावर फिरवलंत! मिस्त्रीला मी चोर म्हणालो! तुमच्यामुळे हिची नोकरी जाणार होती, जीव जाणार होता हिचा!" गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. समोरच्यांनी कप खाली ठेवले.

काकांनी चष्मा लावला. ठोकळा उजेडात धरला, वाचला. स्क्रूच्या भोकांवरून अंगठा फिरवला.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "कोनही बरोबर कापला. कोणी लावलं?"

"तुम्ही!"

त्यांनी पुन्हा वाचलं. "हो. अक्षर माझंच आहे." मग ठोकळा पेपराच्या कडेला समांतर लावून ठेवला. माझा राग तोपर्यंत उतरून गेला होता आणि त्याच्या जागी काय आलं होतं ते मला कळत नव्हतं, फक्त तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहिलं.

"बेटा, मग अजून काय काय करून ठेवलं असेल मी?"

त्या दिवशी दुपारभर ती त्यांच्याबरोबर घरभर फिरली. मी वरच बसलो; खाली जायची हिंमत झाली नाही. आमच्याकडे पाणी वर्षभर कमी येत होतं. टाकीचा कॉक त्यांनी निम्मा बंद करून तारेने बांधला होता. कपाटात डिझेल फिल्टरचे चार नवे कोरे डबे निघाले, एकसारखे. संध्याकाळी बायकोने पुण्याला मुलाला फोन केला. मुलगा म्हणाला, फोनवर तर बाबा एकदम ठीक वाटतात.

गाडी मात्र ठीक झाली. सोमवारी बायको त्याच कटमधून वळली, पाय दाबला आणि निघाली. राजीनाम्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला तिने वाणसामानाची यादी केली.

काका त्यानंतर कुणाच्या गाडीत बसले नाहीत. लोक यायचे, ते म्हणायचे, "मिस्त्री को दिखाओ." मी माफी मागायला दोनदा खाली गेलो. पहिल्यांदा टाकीच्या पाण्याचं काहीतरी बोलून परत आलो. दुसऱ्यांदा मागितली, तर ते म्हणाले, "कशाबद्दल, जावईबापू?" आणि ते विचारून राहिले की टाळून राहिले, हे मला कळलं नाही.

उन्हाळ्यात मुलगा न्यायला आला. डुमना विमानतळावर सोडायला आम्हीच निघालो. बायको चालवत होती, काका तिच्या शेजारी, मी आणि मुलगा मागे. शहर सुटलं, रस्ता मोकळा झाला. बायकोने पाय दाबला. पुढे एक ट्रॅक्टर होता, तो मागे पडला. एक बस होती, तीही मागे पडली. काकांनी हळूच चप्पल काढली. तळपाय खाली टेकवला. डोळे मिटले.

"वा," ते म्हणाले. "काय ओढून राहिली! कोणी केली?"

मुलगा माझ्याकडे पाहायला लागला. आयुष्यात मी खरं बोलायची संधी सोडली नाही, आणि त्यातल्या निम्म्या वेळा ते खरं कुणाच्या तरी डोक्यात घालायलाच वापरलं. मी पुढे वाकलो.

"तुम्हीच, काका."

"मी? काय होतं?"

काय होतं? ते मी ठरवलंच नव्हतं. पण महिनाभर त्यांच्या मागे बसून एवढं तरी शिकलो होतो. "टर्बोचा पाइप होता ना, खालचा. त्याला चीर गेली होती. हवा निघून जायची."

"क्लॅम्पजवळ?"

"क्लॅम्पजवळच."

"वरून दिसत नाही ती."

"नाहीच दिसली कोणाला. तुम्ही खालून हात घातला, तेव्हा सापडली."

त्यांनी डोळे उघडले. उजवा हात वर धरून उलटासुलटा पाहिला. मग मागे वळून मुलाला म्हणाले, "पाहिलं? मी नसतो तर या पोरीची नोकरी गेली असती."

"हो, काका," मी म्हणालो.